कर्कवृत्तावरची मिस्ट्री कॅश, नेरुळ : कोडं तपासून हवंय

खाडीकिनारा (धागाकर्ता)

जिओकॅशिंगसाठी (जीपीएसने लपवलेला डबा शोधायचा खेळ) नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाजवळ दर्शनी बिंदू (नकाशावर दिसणारी जागा, डबा तिथे नसतो) ठेवून कर्कवृत्ताविषयी एक मिस्ट्री कॅश, म्हणजे कोडं सोडवल्यावर सापडणारा डबा, लावायची आहे. कर्कवृत्त इथून सरळ उत्तरेला सुमारे ४८८ किमीवर, गुजरातेत हिंमतनगरच्या जरा दक्षिणेकडून जातं. तरी विषय आपल्या दाराचा आहे. आपण विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. कोडं सोडवणाऱ्याला हे कळावं, हा हेतू.

कच्चा आराखडा खाली देतो. प्रकाशनाआधी प्रश्न आणि आकडे दोन्ही बदलणार आहे, तेव्हा उत्तरं मोकळेपणाने लिहा.

प्रश्न १. कर्कवृत्ताचा आजचा अक्षांश अंश आणि दशांश मिनिटांत काढा. दशांश चिन्हानंतरचे तीन अंक घ्या.
प्रश्न २. कर्कवृत्त किती देशांतून जातं?
प्रश्न ३. सूर्य कर्क राशीत कोणत्या तारखेला जातो?
प्रश्न ४. कर्कवृत्ताची लांबी किती किलोमीटर?
प्रश्न ५. २१ जूनला खऱ्या मध्यान्ही नेरुळमध्ये १ मीटर उंच काठीची सावली किती आणि कोणत्या दिशेला?

पहिल्या चार उत्तरांतून दर्शनी निर्देशांकांत मिळवायचे आकडे निघतील, पाचव्यातून शेवटची दिशा आणि अंतर. कुठे फसेल ते सांगा.

मिनिटसेकंद

पहिला प्रश्न काढूनच टाका. कर्कवृत्त जागेवर नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल शतकाला साधारण ४६.८ सेकंदांनी कमी होतोय, म्हणजे वृत्त वर्षाला १४ ते १५ मीटर दक्षिणेकडे सरकतंय. २००० च्या आरंभी सरासरी मूल्य २३° २६′ २१.४″ होतं, २०२५ साठी ते २३° २६′ ०९.७″ येतं. दशांश मिनिटांत लिहिलं तर २६.३५७ आणि २६.१६२. तुम्हाला हवे आहेत नेमके शेवटचे तीन अंक, आणि तेच दोन ठिकाणी वेगळे: ३५७ की १६२? सूत्रात ते थेट वापरले तर दोन सोडवणारे एकमेकांपासून ३६० मीटरवर उभे राहतील आणि दोघांचंही बरोबर असेल.

यात शाळेच्या पुस्तकातलं साडेतेवीस अंश धरलेलंच नाही. ते घेतलं की तीन अंक येतात ०००.

मेक्सिकोत सिउदाद व्हिक्टोरियाजवळच्या महामार्गावर वृत्ताची जागा वर्षागणिक दाखवणाऱ्या पाट्या लावल्या आहेत. तैवानमध्ये चियायीला १९०८ साली पहिलं स्मारक उभारलं, वृत्त त्याच्या खालून निघून गेलंय. अशा सरकत्या रेषेचा तिसऱ्या दशांशाचा अंक कोड्याच्या मुळाशी ठेवू नये.

सावलीमापक

मिनिटसेकंद यांनी दिलेली मूल्यं सरासरी कलाची आहेत. त्यावर न्यूटेशन बसतं: चंद्राच्या पातांच्या (त्याची कक्षा सूर्याच्या मार्गाला छेदते त्या बिंदूंच्या) १८.६ वर्षांच्या फेऱ्यामुळे कल सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण ९.२ सेकंद डुलतो, जमिनीवर सुमारे २८० मीटर. २०२५ च्या सुरुवातीला हा फरक जवळपास पूर्णपणे अधिक बाजूला होता, म्हणजे त्या वेळचा खरा कल २३° २६′ १९″ च्या आसपास. एखादं संकेतस्थळ सरासरी देतं, एखादं खरा देतं, आणि बहुतेक ठिकाणी कोणता ते लिहिलेलंच नसतं. ‘आजचा अक्षांश’ या शब्दांना एकच उत्तर नाही.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

वर्ष बांधून दिलं तर? ‘१ जानेवारी २००० चा सरासरी कल’ असं.

मिनिटसेकंद

मग चालेल. जुन्या मानकात २१.४४८ सेकंद, नव्यात २१.४०६, दोन्हींची दशांश मिनिटं तीन स्थळांपर्यंत २६.३५७ च येतात. पण तेव्हा तो विचार करायला लावणारा प्रश्न राहत नाही, शोधून चिकटवायचा आकडा होतो. माझं मत काढून टाका असंच आहे.

नेरुळकर_१९

देशांचा प्रश्नही नको. मेक्सिको, बहामा, मॉरिटानिया, माली, अल्जीरिया, नायजर, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, अमिराती, ओमान, भारत, बांगलादेश, म्यानमार, चीन, तैवान हे १६. पश्चिम सहारा मोजला की १७. तैवान वेगळा न धरणारे आहेतच. चाडचं उत्तरेकडचं टोक तर या वृत्ताशी चिकटलेलं आहे. हरकत घेणारा प्रत्येक जण तुम्हाला निरोप पाठवेल आणि त्या निरोपांना उत्तर देत बसावं लागेल.

त्याऐवजी भारतातली राज्यं विचारा. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. आठ, आणि त्यात वाद नाही. चूक एकच होते: राजस्थान सुटतं, कारण वृत्त तिथे बांसवाड्याकडच्या दक्षिण टोकाला फक्त कापून जातं. ही चूक कोड्यासाठी चांगली आहे, नकाशा नीट पाहिला की सुधारते.

त्याच भागातला दुसरा पक्का प्रश्न: मही नदी कर्कवृत्त किती वेळा ओलांडते? मध्य प्रदेशातून उत्तरेला जाते, बांसवाड्याकडे वळसा घेते आणि गुजरातेत खाली उतरते. दोनदा.

पंचांगवाला

तिसऱ्या प्रश्नाबद्दल आस्थेने लिहितो, कारण महाराष्ट्रात तो हमखास दोन गट पाडणार. सायन पद्धतीने (राशी ऋतूंच्या बिंदूंवरून मोजणाऱ्या) सूर्य २१ जूनच्या सुमारास कर्केत जातो, तोच दक्षिणायनारंभ. पण घरात भिंतीवर जी दिनदर्शिका असते तिच्यात कर्क संक्रांत १६ जुलैच्या आसपास छापलेली असते, कारण ती निरयन आहे, म्हणजे राशी ताऱ्यांवरून मोजते. २१ जूनला निरयन सूर्य मिथुनेत असतो. तारकासमूहांच्या आजच्या आंतरराष्ट्रीय सीमा धरल्या तर तो वृषभात असतो. तीन उत्तरं, तिन्हींना आधार.

वृत्ताला कर्क हे नाव मिळालं तेव्हा अयनबिंदू (सूर्य सर्वांत उत्तरेला पोचतो ती जागा) खरोखर कर्केत होता. परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या संथ फिरण्यामुळे) तो मागे सरकला, नाव तेवढं राहिलं. ही गोष्ट कॅशच्या पानावर चार ओळींत जरूर लिहा, पण उत्तर म्हणून मागू नका.

मागायचंच असेल तर नक्षत्र मागा. २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात येतो. मृगाचा पाऊस आणि त्यामागून आर्द्राचा, हे आपल्याकडे शेती करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा: सहावं. प्रश्न असा ठेवा: ‘दक्षिणायनारंभाच्या सुमारास सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो ते सत्तावीसांत कितवं?’ उत्तर ६. सत्तावीस हा शब्द असू द्या, म्हणजे अभिजित धरायचा का ही शंका राहणार नाही; तो धरला तरी आर्द्रा सहावंच येतं.

सावलीमापक

चौथा प्रश्न. लांबी ‘काढा’ म्हटलंत तर निरनिराळी उत्तरं येतात. ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरून सुमारे ३६,७२८. विषुववृत्ताचा ४०,०७५ किमी परीघ घेऊन त्याला कोसाइनने गुणलं तर ३६,७६९. डब्ल्यूजीएस ८४ चा (जीपीएस वापरतं त्या पृथ्वीच्या आकाराचा) लंबगोल नीट धरला तर ३६,७८८ च्या आसपास. पहिल्या आणि शेवटच्यात ६० किमीचा फरक आहे.

एक ठाम आकडा मात्र आहे. विमानाने पृथ्वीप्रदक्षिणेचा विक्रम मान्य होण्यासाठी एफएआय ही आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटना किमान अंतर म्हणून कर्कवृत्ताची लांबी धरते आणि ती नियमात ३६,७८७.५५९ किमी अशी लिहिली आहे. तो नियमातला आकडा असल्याने कल बदलला तरी बदलत नाही. ‘प्रदक्षिणेच्या विक्रमाला किमान किती किलोमीटर उडावं लागतं? सर्व अंकांची बेरीज करा’ असं विचारा. ३+६+७+८+७+५+५+९ = ५०. दशांशानंतरचे अंकही धरायचे, हे पानावर स्पष्ट लिहा, नाहीतर ३१ घेऊन लोक अडकतील.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

सगळं घेतलं. नमुन्याचं नवं सूत्र:

प = राज्यं (८), फ = महीचे ओलांड (२), ब = नक्षत्र क्रमांक (६), भ = अंकांची बेरीज (५०).

दर्शनी उत्तर निर्देशांकात मिळवा: (प × भ) − (ब × फ) = ४०० − १२ = ३८८ सहस्रांश मिनिटं.
दर्शनी पूर्व निर्देशांकात मिळवा: (भ × ब) − (प × फ) = ३०० − १६ = २८४ सहस्रांश मिनिटं.

मिनिटसेकंद

मीटरमध्ये बघा. आपल्या अक्षांशावर ०.००१ मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण १.८४ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७५ मीटर. म्हणजे ७१६ मीटर उत्तरेला आणि ४९८ मीटर पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे ८७२ मीटर. मिस्ट्रीचा डबा दर्शनी बिंदूपासून ३.२ किमीच्या आत हवा, ती अट सहज पाळली जाते. दुसऱ्या कोणाच्या डब्यापासून १६१ मीटरचं अंतर मात्र रिव्ह्यूअरकडून (कॅश प्रकाशित होण्याआधी ती तपासणाऱ्याकडून) आधीच तपासून घ्या. आसपासच्या मिस्ट्री आणि मल्टी (टप्प्याटप्प्याने सापडणाऱ्या) कॅशचे शेवटचे बिंदू नकाशावर दिसत नाहीत.

आता चूक झाली तर काय होतं ते पाहा. राजस्थान विसरलेल्याचा प ७ होतो, उत्तरेचा आकडा ३३८ येतो, म्हणजे तो फक्त ९२ मीटरवर चुकतो. हे वाईट अंतर आहे. नकाशावर पाहून शंका येत नाही, आणि माणूस चुकीच्या जागी झुडपं उचकत बसतो. बागेचं नुकसान असंच होतं.

म्हणून पानावर तपासणीचा अंक द्या. ३८८ आणि २८४ च्या सगळ्या अंकांची बेरीज ३३. प, फ, ब, भ यांपैकी कोणताही एक, एकाने इकडेतिकडे झाला तर ही बेरीज ३३ येत नाही. करून पाहिलंय: प ७ असेल तर ३०, भ ४९ असेल तर २८, ब ७ असेल तर २७.

नेरुळकर_१९

बेरीज एकत्र दिली तर उत्तर आणि पूर्वेचे आकडे अदलाबदल झालेले पकडले जात नाहीत, बेरीज तीच राहते. दोन वेगळ्या द्या: उत्तर १९, पूर्व १४. शिवाय संकेतस्थळाचा सोल्यूशन चेकर (काढलेलं उत्तर बरोबर आहे का ते सांगणारी सोय) चालू करा.

आणि ‘सहस्रांश मिनिटं’ हे शब्द ठळक करा. अंश-मिनिटं-सेकंद दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये लोक ३८८ ला ३८.८ सेकंद समजतात. ०.३८८ मिनिट म्हणजे २३.२८ सेकंद. या एका गैरसमजात ४७७ मीटर जातात.

सावलीमापक

पाचवा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, त्याला सांभाळा. गणित सोपं: सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) २३.४४, नेरुळचा अक्षांश १९.०३, फरक ४.४१ अंश. सूर्य डोक्यावरून तेवढा उत्तरेला कललेला, म्हणून सावली दक्षिणेला. १ मीटरला टॅन ४.४१ म्हणजे ७.७ सेंमी. तुलनेसाठी, २२ डिसेंबरला तीच काठी उत्तरेला ९१ ते ९२ सेंमी सावली टाकते.

दिशा हाच खरा सापळा आहे आणि तो न्याय्य आहे. ‘सूर्य दक्षिणेला, सावली उत्तरेला’ हे डोक्यात इतकं पक्कं असतं की बरेच जण न तपासता उत्तर लिहितात. ज्याला आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत याचा अर्थ कळला तोच दक्षिण लिहील.

आकडा मात्र ढिला ठेवा. ठाण्याचा अक्षांश धरला तर ७.४ येतो, नेरुळचा धरला तर ७.७, पूर्ण सेंटिमीटर मागितलेत तर ७ आणि ८ असे दोन गट. काठी १० मीटरची करा आणि उत्तर ‘जवळच्या दहाच्या पटीत’ मागा. २३.४४ ने ७७ येतात, शाळेच्या २३.५ ने ७८. दोन्ही ८० होतात. ठाण्याच्या अक्षांशाने मात्र ७४ येऊन ७० होतील, म्हणून अक्षांश १९.०३ धरा असं प्रश्नातच लिहून टाका. मग शेवटची पायरी: ‘जितके सेंटिमीटर तितके मीटर, सावलीच्या दिशेने.’ ८० मीटर, १८०°.

पंचांगवाला

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही लिहा. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३ वर. साडेनऊ अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटांचा फरक. त्यात कालसमीकरण (घड्याळ आणि सूर्य यांच्यातला वर्षभर बदलणारा फरक) मिळवलं की २१ जूनला सूर्य १२:४० च्या सुमारास मध्यावर येतो, मेच्या मध्यात १२:३४ ला, जुलैच्या अखेरीस १२:४४-४५ ला.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

प्रत्यक्ष जागेवर काठी रोवून मोजायला लावावं का? तेव्हा मजा वाढेल.

सावलीमापक

नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, २१ जूनला ढगच असतात. जुलैतल्या शून्य सावलीच्या दिवसाचंही तेच. वर्षातल्या एका दुपारी सुटणारी कॅश बाकी वेळ मेलेली राहते. गणित घरी, डबा केव्हाही. मेच्या मध्यात आकाश मोकळं असतं, तेव्हा ज्याला पाहायचंय तो सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होताना पाहील. त्याचा उल्लेख पानावर पुरे.

८० मीटरचं प्रक्षेपण (दिशा आणि अंतर धरून नवा बिंदू काढणं) पावलांनी आणि फोनच्या होकायंत्राने करू नये, हेही सांगा. चुंबकीय विचलन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) आपल्याकडे एक अंशाहूनही कमी आहे, त्याची चिंता नाही. पण रेलिंग, गाड्या आणि लोखंडी बाकांजवळ फोनची सुई सहज पाच अंश फिरते, आणि ८० मीटरवर पाच अंश म्हणजे ७ मीटर. वर जीपीएसची स्वतःची चूक. सीवूड्सकडच्या उंच इमारतींच्या बाजूने ती वाढते. अ‍ॅपमध्ये प्रक्षेपण करून नवा बिंदू काढा आणि त्याकडे चालत जा.

पाणथळ

जागेबद्दल. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला खारफुटी आहे, तिला कायद्याने संरक्षण आहे, आणि पाणथळींवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सूत्राने येणारा बिंदू आणि त्याभोवतीचं १५ मीटरचं वर्तुळ दोन्ही त्या बाहेर हवीत, कारण शोधणारा नेमक्या बिंदूवर थांबत नाही, भोवती फिरतो. सावलीची दिशा चुकून उत्तर धरली तर माणूस १६० मीटर दूर पोचतो. ती चुकीची जागाही चालण्याच्या वाटेवरच येईल अशी आखणी करा.

होल्डिंग पॉन्डच्या (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याच्या) काठाला डबा नको. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पातळी चढते. बागेत किंवा जॉगिंग ट्रॅकवर ठेवायचा तर महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या आणि रिव्ह्यूअरला कळवा. खणून पुरायचं नाही, खिळा मारायचा नाही, दगडी बांधकामातला दगड सैल करायचा नाही.

डबेबाज

डब्याचं माझ्याकडून. फिल्मची डबी आपल्या पावसात टिकत नाही, झाकण नुसतं दाबून बसतं आणि वाफ आत शिरते. दोन पर्याय चांगले: पाण्याच्या बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी, तिचं झाकण आट्यांचं असतं, किंवा चारी बाजूंनी कडी लागणारा, रबरी गॅस्केटचा २०० मिलीचा डबा. दुसऱ्यात गॅस्केटच्या खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी पाणी येतं, म्हणून देखभालीला जाताना खाच पुसा.

लोहचुंबक लावू नका. खाडीच्या हवेत त्याचा निकेलचा थर सोलतो, मग गंज, मग डबा खाली.

लॉगशीट (शोधणाऱ्यांनी नाव लिहायचा कागद) जाड कागदाची, दोन झिपपाऊचमध्ये, सोबत शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई दमट कागदावर उठत नाही आणि जेल पेनची पसरते. सिलिका जेलची पुडी झाकण घट्ट असेल तरच उपयोगी, गळक्या डब्यात ती आठवड्यात भिजून बसते.

आणि डबा पारदर्शक ठेवा. काळ्या टेपने गुंडाळलेली नळी बाकाखाली कोणाला दिसली तर पोलिसांना फोन जाणारच, आणि फोन करणाऱ्याचं चुकत नाही. बाहेरून मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी: ‘जिओकॅशिंग खेळाचा डबा. आत फक्त कागद आहे. कृपया जागेवर ठेवा.’ स्टेशन, पूल आणि सबवे यांच्या जवळ ही चिठ्ठीही पुरत नाही, तिथे डबाच नको.

नेरुळकर_१९

अवघडपणाचं रेटिंग पाचपैकी काय देताय? माझ्या मते कोड्याला ३, जमिनीला १.५. चार प्रश्न वाचून सुटतात, पण सावलीची दिशा आणि प्रक्षेपण मिळून अडीचच्या वर जातं. व्हीलचेअर शेवटपर्यंत पोचत असेल तरच जमिनीला १ लिहा.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

३ आणि १.५ ठेवतो. हिंट म्हणून ‘सूर्य तुमच्या कोणत्या बाजूला?’ एवढंच. परवानगीचा अर्ज आधी जाईल. तो मिळाल्यावर नव्या आकड्यांचं सूत्र, उत्तर-पूर्वेच्या वेगळ्या बेरजांसह, रिव्ह्यूअरला पाठवतो.

मिनिटसेकंद

पाठवण्याआधी एक करा. सूत्र अशा कोणाकडून सोडवून घ्या ज्याने हा धागा वाचलेला नाही, आणि त्याला फक्त पानावरचा मजकूर द्या. तो ज्या शब्दापाशी थांबून विचारेल तो शब्द बदला. शेवटच्या बिंदूचे निर्देशांक वेगवेगळ्या दिवशी, निदान दोन उपकरणांवर, प्रत्येक वेळी दहा मिनिटं सरासरी धरून नोंदवा. भर पावसातलं वाचन घेऊ नका, ओल्या दाट पानांखाली सिग्नल कमजोर पडतो.